भिंतीपलीकडचं राजकारण

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे. तिच्यावर सकाळी कपडे वाळतात आणि दुपारी सरकारं पडतात. एका बाजूला मिलवाल्या घरातल्या, लाल झेंड्याच्या काकू. दुसऱ्या बाजूला वहिनी. त्यांच्या सासऱ्यांनी जनसंघाच्या दिव्यापासून भिंती रंगवलेल्या.

“काकू, आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांनाच आता हार घालायचे. पक्ष आहे की धर्मशाळा?”

“अजून तेच? २०२४च्या लोकसभेचं?”

“तेच. २९ एप्रिल, नाव मागे घ्यायचा शेवटचा दिवस. काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम कलेक्टर कचेरीत जातात, सोबत आपले आमदार मेंदोला, आणि तिथून थेट आमच्या भाजपमध्ये! गरज होती का? ताईसुद्धा उघड म्हणाल्या, गरज नव्हती.”

ताई म्हणजे सुमित्रा महाजन. चिपळूणची माहेरवाशीण, १९८९ पासून इंदूरची आठ वेळा खासदार. आमच्याकडे आडनाव लावायची गरज पडत नाही.

“अगं, पण दारं लावून बसलात तर वाढाल कसे? आमच्या होमी दाजींचं बघ. पक्का कम्युनिस्ट माणूस. पण १९६२ साली लोकसभेचा पर्चा भरला तो अपक्ष म्हणून. काँग्रेसचे रामसिंगभाई मजुरांचेच पुढारी, त्यांना पाडलं. नुसत्या लाल मतांवर इंदूर निघतं होय? दुकानदार, मास्तर, वकील, सगळे लागतात.”

“म्हणजे दाजी मवाळ झाले?”

“छे! मिलच्या फाटकावर तोच आवाज. विचार तोच, दार मोठं केलं इतकंच.”

“मग तुमचा झेंडा गेला कुठे?”

“मिल गेली तिथेच. हुकुमचंद १९९१ ला बंद पडली, झेंडा धरणारे हात घरी बसले. त्यात दार मोठं केल्याचा काय दोष?”

वहिनी जरा गप्प झाल्या. त्यांच्या बाबतीत ही बातमीच. मग हिशेब घेऊन परतल्या. १९८० मध्ये अटलजींनी गांधीवादी समाजवाद आणला, राजमाता विजयाराजे शिंदेंना तो रुचला नव्हता. १९८४ मध्ये जागा आल्या दोन. पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला १९८९ मध्ये, आणि त्याच वर्षी पंच्याऐंशी.

“बघा, कडक झालो तेव्हाच वाढलो.”

“आणि दिल्लीत सरकार टिकवायची वेळ आली तेव्हा? मंदिर, तीनशे सत्तर, समान कायदा, तिन्ही बासनात बांधून ठेवलेत ना मित्रपक्षांसाठी?”

“ठेवले. पण अटलजींनी ते सांगून ठेवले हो, काकू. आमचे सासरे कुरकुरले, तरी प्रचाराला गेले. आता कोण सांगतंय? सकाळी ज्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली, दुपारी त्याचा गाडीतला फोटो मोबाईलवर.”

मला वहिनींचं दुखणं इथे कळलं. पक्ष मवाळ झाल्याचा त्यांना राग नाही. आपल्याला कुणी विचारलं नाही, हा राग आहे. आणि मतदारालाही विचारलं नाही, कारण समोरचा उमेदवारच उरला नाही. दार मोठं करणं वेगळं आणि शेजाऱ्याचं दार काढून आणणं वेगळं.

“त्याचं फळ मिळालं की,” काकू म्हणाल्या. “तुमचे लालवाणी पावणेबारा लाखांनी निवडून आले, पण दुसऱ्या नंबरावर कोण? नोटा! २ लाख १८ हजारांवर मतं.”

“ती काँग्रेसनं मागितली होती. त्यांचीच असणार.”

“सगळी? ताईंना फोन करून सांगणारे होतेच ना, की आम्ही नोटा दाबणार. ते काय काँग्रेसचे होते?”

वहिनींनी चादर झटकली.

“आता एवढं बोलताय तर सांगाच, तुम्ही कोणतं बटण दाबलं?”

“इतक्या वर्षांत तुझ्या काकांना सांगितलं नाही, तुला सांगू? तू आधी तुझं सांग.”

वहिनी म्हणाल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या वाटतं. आम्हाला कुणालाच ऐकू आल्या नव्हत्या.