पुडीची पाठ वाचा

बटण दाबून मिळणारी कॉफी आता तालुक्याच्या गावालाही नवी राहिलेली नाही. भोकरात प्या नाहीतर नांदेडात, रंग पांढरट आणि वर फेस दिसला की आपण ती दुधाची धरून चालतो. काही मशिनांत खरंच दुधाची भुकटी असते, काहींत क्रीमर. हातातल्या कपावर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

क्रीमरची पुडी हाती लागली तर ती उलटी करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची, असा नियम आहे. पहिलं नाव बहुधा ग्लुकोज सिरपचं असतं. ते मक्याच्या स्टार्चपासून होतं आणि पुष्कळ पुड्यांत वजनाचा निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. पुढे वनस्पती तेल, म्हणजे पाम कर्नलचं किंवा खोबऱ्याचं, अनेकदा हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं. त्यानंतर सोडियम केसिनेट. मग आकडे: ३४० म्हणजे फॉस्फेट, गरम आंबूस कॉफीत पूड फाटू नये म्हणून. ४७१ तेल-पाणी एकजीव ठेवतं. ५५१ गुठळ्या होऊ देत नाही.

यातलं काहीही विष नाही. कायद्याने चालणारे घटक आहेत. पण सगळ्यांना सगळं चालत नाही, आणि गफलत नेमकी तिथेच होते.

पहिली गफलत केसिनेटची. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात ‘नॉन-डेअरी’, आणि मागच्या बाजूला दुधाचंच प्रथिन. ही रीत जुनी आहे. अमेरिकेत १९६१ साली कार्नेशन कंपनीने कॉफी-मेट बाजारात आणलं, तेव्हापासून अशा पुड्यांत केसिनेट आहे. दुधातली साखर पचत नाही त्याला ही पूड सहसा बाधत नाही. पण ज्या लेकराला दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे, त्याच्या आईने पुढची बाजू वाचून विश्वास ठेवला तर लेकराच्या जिवावर बेतू शकतं. तिने शोधायची ओळ एकच: ‘दूध आहे’ ही ॲलर्जीची सूचना. हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, तो दुधाच्या पेढ्यावरही असतो. दूध-तूप काहीच नको असेल त्याने २०२२च्या नियमांनी आलेलं हिरवं ‘व्ही’चं चिन्ह पाहावं.

दुसरी गफलत साखरेची. पोषणाच्या तक्त्यात ‘शुगर’च्या रकान्यात आकडा लहान दिसतो, कारण ग्लुकोज सिरपमधल्या लांब साखळ्या त्या रकान्यात मोजल्या जात नाहीत. रक्तात गेल्यावर त्यांची साखरच होते. मधुमेह असलेल्याने कार्बोहायड्रेटचा आकडा वाचावा.

तिसरी तेलाची. १ जानेवारी २०२२पासून खाद्यपदार्थातल्या तेल-तुपात कारखानी प्रक्रियेतून आलेलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. नियम चांगलाच आहे. पण ‘ट्रान्स फॅट शून्य’ वाचून निर्धास्त होऊ नका. पाम कर्नल तेलात सुमारे ८० टक्के संपृक्त मेद असतो. भोकरच्या शिवारात पिकणाऱ्या सोयाबीनच्या तेलात तो १५ टक्क्यांच्या आसपास.

चौथी फॉस्फेटची. डायलिसिसवरच्या माणसाला डॉक्टर फॉस्फरस आणि पोटॅशियम जपायला सांगतात. पुडीवरच्या ३४०मध्ये, म्हणजे डायपोटॅशियम फॉस्फेटमध्ये, दोन्ही एकत्र येतात, आणि पदार्थात वरून घातलेलं फॉस्फेट शरीर डाळी-दाण्यांतल्या फॉस्फरसपेक्षा जास्त शोषून घेतं. दवाखान्याच्या दारातल्या मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

पुडीने सांगायला हवं. पण देशाचा नियम असा की लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरे. मराठी हवी तर घाला, नको तर सोडा. म्हणजे ज्याने ही पुडी वाचायची, त्याच्या भाषेचा कंपनीवर काहीही हक्क नाही. जीव इथला आणि सूचना परक्या भाषेत, तीही डोळ्याला ताण पडेल इतक्या बारीक अक्षरांत. हे आपण फार दिवस खपवून घेतलं.

आणि कोणत्या मुलखात? देवणी गाय आणि मराठवाडी म्हैस ही इथली जनावरं. उदगीरला सरकारचा दूध भुकटीचा कारखाना होता, तो वर्षानुवर्षं बंद राहिला. आपल्या दुधाची भुकटी करायची सोय आपण हातची घालवली, आणि आता समुद्रापलीकडच्या पाम तेलाची पूड दूध समजून पितो. ज्याला क्रीमर आवडतं त्याने खुशाल प्यावं. पण समजून प्यावं, दुधाच्या भ्रमात नव्हे.

म्हणून तीन मागण्या. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पुडीवर ॲलर्जीची सूचना मराठीत सक्तीची करा. प्रत्येक मशीनवर ‘दुधाची भुकटी’ की ‘क्रीमर’ हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि सरकारी दवाखान्यांपासून सुरुवात करा. तिसरी मागणी आपल्याकडेच: कॉफी घेण्याआधी ‘यात काय घातलंय?’ असं मोठ्यानं विचारा. उत्तर देता येत नसेल त्याच्याकडची कॉफी घेऊ नका.