उत्तर तरी द्या

भिवंडीत कल्याण नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एक टेम्पो उभा असतो. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या गोण्या उतरत असतात. मी स्कूटरवर डाव्या कडेने, उजवीकडे खेटून रिक्षा. टेम्पो चुकवायला मला उजवीकडे सरकायलाच हवं. मी हात दाखवतो, "दादा, जरा जागा द्या," म्हणतो. उत्तरादाखल हॉर्न येतो. टेम्पोचा मला राग नाही. माल कुठेतरी उतरणारच. राग येतो तो शेजारच्या माणसाने ऐकूनही न ऐकल्यासारखं केल्याचा.

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत मी काही मोसम काढले. तिथे नांगरलेली जहाजं आणि मच्छीमार बोटी सतत वाटेत येतात. शर्यतीच्या नियमांत विसावा नियम नेमका याच अडचणीचा आहे. वाऱ्याच्या दिशेने चढत दोन होड्या शेजारी चालल्यात, समोर अडथळा आला. वाऱ्याखालच्या होडीला नाळ फिरवून दुसऱ्या अंगाला वळायचंय, म्हणजे टॅक करायचाय, पण वरची होडी आड येते. मग खालच्याने वेळेत हाक द्यायची, "रूम टू टॅक!" वरच्याने लगेच स्वतः टॅक करायचा, नाहीतर "यू टॅक" म्हणत जागा द्यायची. हाक अवाजवी वाटली तरी आधी जागा, तक्रार नंतर. हाक देणाऱ्यावरही बंधन आहे: जागा मिळताच त्याने वळलंच पाहिजे, नुसतं दुसऱ्याला हुसकावून पुढे जाता येत नाही. चुकलेल्या होडीने तिथल्या तिथे दोन गिरक्या घेऊन दंड भरायचा. हाक ऐकू जाणार नसेल तर सोबत खूणही करावी, असं 2021 च्या आवृत्तीत आहे. ते वाचताना मला मागांच्या खडखडाटातली आमची गल्ली दिसली.

होडीला ब्रेक नसतो, म्हणून तिथे उत्तर टाळता येत नाही. आम्हाला ब्रेक आहे, तर आम्ही उत्तरच सोडून दिलं. आणि हे कुठे, तर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी ज्या खाडीवर आरमार उभारायला घेतलं, तिच्या काठच्या गावात!

परवा एका रिक्षावाल्या काकांनी माझा हात पाहून स्वतःचा तळवा वर केला. "थांब बाळा, आधी मी." मी ब्रेक दाबला. ते गेले, मागोमाग मी टेम्पोला वळसा घातला.