कार्डावरची शेळी

निंबोल्याच्या काकूंना अमेरिकेतल्या पुतण्याने वाढदिवसाला शेळी दिली. म्हणजे शेळीचं चित्र असलेलं कार्ड. खरी शेळी परदेशातल्या कुणा गरजू कुटुंबाकडे जायची. १९४४पासून काम करणाऱ्या हेफर इंटरनॅशनलसारख्या संस्थांची ही रीत. मिळालेल्या जनावराचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या गरजूला द्यायचं, हा त्यांचा नियम तर खरोखर शहाणा. शिवाय खरी शेळी बुऱ्हाणपूरकडच्या निंबोल्यातल्या केळीबागांत सुटली असती, तर भावकीत डोकी फुटली असती. न दिसणाऱ्या जनावराचं काकूंना नवल नाही; गाईच्या नावाने भटजींच्या हातावर नाणं ठेवलेलं त्यांनी पाहिलंय. "पण बाबा, ते माणूस गेल्यावर करतात," एवढंच त्या म्हणाल्या. पुतण्यांनो, शेळी खुशाल द्या. काकूंना साडीही पाठवा.