तीन शिट्ट्या

पेढा माझं ऐकत नाही, असं घरात बोललं जातं. ते साफ खोटं आहे. तो सगळं ऐकतो. कान टवकारतो, मान तिरकी करतो, माझी आज्ञा शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतो आणि मग दिवाणाचा पाय कुरतडायला लागतो. दुधाचे २८ दात आहेत त्याला. ते पडून ४२ यायचेत. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावायला द्या, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही रबराचं हाड आणलं. ते त्याने दिवाणाखाली नेऊन ठेवलं, बहुधा दिवाण संपल्यावर खायला.

नाव नातीनं ठेवलं. मी ‘विक्रम’ सुचवलं होतं. पण साताऱ्यातल्या घरात कंदी पेढ्याच्या रंगाचं पिल्लू आलं, तर त्याला दुसरं काय म्हणणार, असं बहुमत पडलं. मी गॅलरीतून ‘पेढा! पेढा!’ अशी आरोळी ठोकली, की कुणाचा तरी निकाल लागला असं वाटून शेजारी दारं उघडतात.

मी शाळेत पीटीचा सर होतो. हे मी कुठंही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, म्हणजे पुढच्या लोकांना सरळ बसायला वेळ मिळतो. माझ्या एका शिट्टीवर अख्खी शाळा जागच्या जागी थिजायची. पंधरा ऑगस्टला आलेले एक प्रमुख पाहुणे माझ्या ‘सावधान’ला हातातल्या चहासकट ताठ उभे राहिले होते. त्यामुळे पिल्लाला वळण कोण लावणार, हा प्रश्न निघताच घरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हणजे मला तसं वाटलं. ते माझ्या मागच्या ओल्या फरशीकडे बघत होते.

फरशीचा विषय मी थोडक्यात आवरतो, कारण तो आवरता येत नाही. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तेवढे तास ते कळ काढू शकतं, असा ढोबळ हिशोब आहे. मी लगेच तासिकांचं वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. पेढ्यानं त्यातल्या फक्त मधल्या सुट्ट्या पाळल्या. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी वगैरे जुने उपाय डॉक्टरांनी बाद केले. घाण केल्यावर मागाहून रागावलं, तर कशाबद्दल ते त्याला कळतच नाही म्हणे. योग्य जागी केली, की त्याच क्षणी कौतुक करा. त्यामुळे भल्या पहाटे कण्हेरीच्या झुडपापाशी उभा राहून मी मोठ्यानं ‘शाब्बास!’ म्हणतो आणि वॉचमन तोंड फिरवून हसतो. खो-खोत जिल्हा जिंकून आलेल्या पोरांना मी ‘ठीक’ म्हटलं होतं.

मग मुलानं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. कुत्रं हा लांडग्याचा वंशज, तेव्हा घरातला ‘अल्फा’ कोण ते त्याला पहिल्याच आठवड्यात दाखवून द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, जेवायला आधी तुम्ही बसा. मला हे फार पटलं. जेवायला आधी बसायची तर माझी जन्मभराची तयारी. पण सूनबाईंनी वाचून काढलं, की ज्या डेव्हिड मीचच्या १९७० सालच्या पुस्तकानं हा अल्फा घरोघर नेला, तोच पुढं जंगलातले लांडगे बघून म्हणाला, टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. ती सत्तेची मारामारी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांची. आणि आपलंच पुस्तक छापणं बंद करा, म्हणून प्रकाशकाच्या मागं लागला. असा लेखक मी मराठीत अजून पाहिलेला नाही.

राहिली शिट्टी. इथं मी जरा रेंगाळणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढं व्हावं. शिट्टी काय, कुणीही फुंकेल, असं लोकांना वाटतं. वाहतूक पोलीस तिच्यात नुसती हवा भरतात. शिट्टी जिभेनं तोडायची असते. एक लांब म्हणजे थांबा, दोन तुटक म्हणजे रांग, आणि तोडून तोडून वाजवली की लेझीम खाली. १८८३ च्या सुमारापर्यंत लंडनचे पोलीस गुन्हेगारामागं लाकडी खुळखुळा वाजवत धावायचे! बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसननं त्यांच्या हाती शिट्टी दिली. हातातलं व्हायोलिन पडून तार तुटली आणि त्या आवाजावरून त्याला ती सुचली, अशी एक दंतकथा आहे. मी ती दरवर्षी पाचवीच्या पोरांना खरी म्हणून सांगायचो. दुसऱ्याच वर्षी त्यानं पोटात मणी असलेली ‘अ‍ॅक्मे थंडरर’ काढली. तो मणी फिरतो म्हणून आवाज थरारतो. ऐन सामन्यात मणी अडकल्यामुळं वैतागून रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडातल्या बास्केटबॉल पंचानं १९८७ मध्ये बिनमण्याची शिट्टी आणली, तीही चांगली आहे. पण माझी पितळी, मण्याची. तिच्यावर माझ्या दातांची खूण आहे. पेढ्यानं ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो झोपला होता. दुसऱ्यांदाही.

कुत्र्यांची शिट्टी वेगळी असते, असं कळलं. तिचा शोध इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनचा, १८७६ चा. डार्विनचा नात्यातला भाऊ. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. हा गृहस्थ काठीच्या टोकाला शिट्टी बसवून, मुठीपाशी रबराचा फुगा दाबत, प्राणिसंग्रहालयात जनावरांच्या कानाशी जायचा. मीही तसली मागवली. तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता आणि पेढा हलत नव्हता. शिट्टी बिघडली, का पेढा बहिरा, का मला फुंकता येत नाही? यातला शेवटचा प्रश्न माझा नाही, हिचा आहे.

पण गाल्टनवरून आठवलं, म्हणून सांगतो. संध्याकाळी पेढ्याला फिरवताना हटकून कुणीतरी विचारतं, ‘जात कोणती?’ माणसाला हल्ली असं तोंडावर विचारत नाहीत, आडनावावरून काढून घेतात. मी सांगतो, ‘गावठी.’ मग चेहरा पडतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ, कागदपत्रांसह लॅब्रेडॉर आणलेले, कळवळून म्हणाले, ‘मग कशाला एवढी मेहनत घेता सर? ही शिकत नाहीत हो.’

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये सगळी नोकरी ऐकलं. ‘ड’ तुकडीचा तास संपवून आलेला मास्तर खडूचे हात झटकता झटकता हेच म्हणायचा. माझं लेझीमचं पथक मी ‘ड’मधूनच उचलायचो. वीटभट्टीवरून येणारी, भाजीची गाडी लावून येणारी पोरं. दोनदा दाखवलं की तिसऱ्यांदा मला शिकवायची. तीच पोरं वर्गात गेली की मठ्ठ ठरायची. रक्तावरून लायकी ठरवणाऱ्या विचाराला १८८३ साली ‘युजेनिक्स’ हे नाव दिलं तेही याच गाल्टनसाहेबांनी. माणसांची उत्तम पैदास करावी म्हणत होते. आणि गावठीचंच म्हणाल, तर १९५७ मध्ये रशियानं ‘स्पुटनिक-२’मधून लायका पाठवली, ती मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी. उपास आणि थंडी सोसलेलं जनावरच टिकेल, म्हणून मुद्दाम तसली निवडली. इवल्याशा खोक्यात दिवसच्या दिवस गप्प बसायला ती शिकली. तिला परत आणायची सोयच केलेली नव्हती. त्यात मठ्ठ कोण, ते मला त्या सद्गृहस्थांना विचारायचं होतं. पण लिफ्ट आली.

तर पेढा बसायला शिकला. मी शिकवलं नाही; कुकरनं शिकवलं. संध्याकाळी ही कुकर लावते, तीन शिट्ट्या होतात, कुकर पडला की बिनफोडणीचं वरण कालवून त्याचा भात निघतो. काही दिवसांतच पहिल्या शिट्टीला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हजर, दुसरीला खाली बसलेला, ताठ, नजर समोर, तिसरीला लाळ. अशी ‘सावधान’ स्थिती मला अख्ख्या हयातीत दोन-चार मॉनिटरांकडूनच मिळाली. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासाबद्दल. मेट्रोनोम नि बझर लावून त्यानं कुत्र्यांच्या लाळेचा थेंबन् थेंब मोजला. हिनं तेच काम कणकेच्या हातानं, मालिका बघत उरकलं. मी कुकरशेजारी उभं राहून, त्याच क्षणाला, त्याच लांबीची, थंडररवर शिट्टी मारून पाहिली. पेढ्यानं माझ्याकडं बघितलं, मग कुकरकडं, आणि कुकरपुढं बसला. ‘अहो, माझ्या शिट्ट्या मोजायच्या राहतात,’ असं ही म्हणाली.

पण शिक्षण कधी वाया जात नाही. रात्री आठला आम्ही फिरून येतो तेव्हा जिन्यात सगळ्या घरांचे कुकर बोलत असतात. शिट्टी झाली, की पेढा असेल त्या मजल्यावर, ज्याच्या त्याच्या दारासमोर ताठ बसतो. चौथा मजला गाठायला फार वेळ लागतो, पण शोभा वाढते. परवा दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. आतून लॅब्रेडॉर आणि त्यानं ओढून आणलेले ते सद्गृहस्थ बाहेर आले. पेढा बसलेला. मी उभा, हात मागं.

‘न सांगता बसतो!’ ते म्हणाले. ‘सर, काय शिस्त लावलीत हो!’

मी नुसती मान हलवली. मोठं काम केलेली माणसं हलवतात तशी.

‘आमच्याला शिकवाल का?’

रविवारी अकराला या म्हटलंय. त्या दिवशी कुकर बरोबर सव्वाअकराला लावशील का, असं हिला विचारून ठेवलं आहे. ती म्हणाली, आधी डाळ निवडून द्या.