रेंज शोधणाऱ्यांसाठी एम.टेक.

हे मार्गदर्शन ईएनटीसीतून बी.ई. झालेल्या, चार वर्षांत अँटेना फक्त शेजारच्या गच्चीवर पाहिलेल्या आणि तरीही वायरलेस कम्युनिकेशनमध्ये एम.टेक. करायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांना आयटी कंपनीनं ऑफर दिली पण जॉइनिंगची तारीख अजून दिलेली नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. बहुतेक वाचक त्यांतलेच असतील.

प्रवेशाचं आधी उरकून घेऊ. गेट द्यावी. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे निर्णय तीन वर्षं लांबवता येतो. आयआयटीच्या ऑफर कोआपवर, एनआयटीच्या सीसीएमटीवर, आणि राज्यातल्या कॉलेजांच्या सीईटी सेलच्या कॅपवर. तिन्हींचे पासवर्ड एका वहीत लिहावेत आणि ती वही वडिलांच्या हाती लागू देऊ नये. कोर्सच्या नावावर अडून बसू नये. मुंबई आयआयटीत हे सगळं ‘कम्युनिकेशन अँड सिग्नल प्रोसेसिंग’मध्ये येतं, पुण्याच्या सीओईपीनं ‘वायर्ड अँड वायरलेस’ असं नाव ठेवून कुणालाच दुखावलेलं नाही. गेटवाल्यांना महिना 12,400 रुपये स्टायपेंड असतो. त्याबदल्यात आठवड्याला साधारण 8 तास बी.टेक.च्या पोरांची जर्नल्स तपासायची. ती सगळी एकाच जर्नलवरून उतरवलेली असतात, तेव्हा पहिलं नीट वाचलं की काम झालं.

घरी सांगताना ‘फाइव्हजी’ एवढंच म्हणावं. तरी पुढच्या रविवारी मामा राउटर पिशवीत घालून येतीलच. राउटर बंद करावा, मनात दहापर्यंत मोजावं, परत चालू करावा. याहून जास्त दुरुस्ती पदवी मिळाल्यावरही येत नाही.

आता मुख्य विषय. पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल की वर्गात टॉवर, मोबाईल, सिमकार्ड यांचा कुणी उल्लेखही करत नाही. फळ्यावर नाणी उडवली जात असतात. तुम्ही चुकून संख्याशास्त्राच्या वर्गात बसलेला नाही. वायरलेस म्हणजे संभाव्यता, बाकी सगळं तिच्या मागून येतं. बी.ई.ला एम-थ्री पडत-झडत सोडवलेल्यांनी पापोलिसचं संभाव्यतेवरचं पुस्तक लायब्ररीतून लगेच काढून आणावं. लगेच म्हणजे त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते सीनियरच्या खोलीत असतं आणि तिथून ते दीक्षांत समारंभानंतरच बाहेर पडतं.

दुसरी सवय डीबीची. इथं कुणी गुणाकार करत नाही, सगळे बेरजा करतात. दुप्पट म्हणजे 3 डीबी, दहापट म्हणजे 10. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डीबी गेले. हे अंगवळणी पडेपर्यंत एक हिशेब रोज करावा. टॉवर समजा 20 वॉटनं ओरडतोय, म्हणजे 43 डीबीएम. तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोचतात उणे 100 डीबीएम. म्हणजे एका वॉटचे दहा लाख कोटी भाग करावेत आणि त्यातला एक फोनला द्यावा. एवढ्यात आत्याशी अर्धा तास बोलणं होतं आणि वर ती म्हणते, आवाज नीट येत नाहीये. ज्याला या हिशेबानं एकदाही थक्क व्हायला होत नाही, त्यानं सरळ एमबीए करावं. पैसेही जास्त मिळतात.

मग येतं फेडिंग, आणि इथं थोडं थांबावं, कारण सगळा अभ्यासक्रम याच एका भांडणावर उभा आहे. टॉवरकडून निघालेली लहर सरळ येत नाही. समोरच्या सोसायटीवर आपटते, पाण्याच्या टाकीवरून उडते, उभ्या एसटीच्या पत्र्यावरून वळते आणि डझनभर वाटांनी येऊन पोचते. या सगळ्या जणी जुळल्या तर फोन खणखणीत. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. 900 मेगाहर्ट्‌झची लहर 33 सेंटिमीटर लांब असते. तिच्या अर्ध्या लांबीत, म्हणजे वीतभरही नाही अशा अंतरात, रेंज जाऊन परत येऊ शकते. गावाकडे मळ्यात उभी राहून ‘जरा इकडं सरक, इथं येतंय’ म्हणणारी आजी प्रयोगानं बरोबर आहे. तिला फक्त सूत्र माहीत नाही. सूत्र लॉर्ड रॅलेनं 1880 मध्ये लिहिलं, तेही आवाजाच्या कंपनांसाठी. रेडिओ लहरी हर्ट्‌झनं प्रयोगशाळेत काढून दाखवायला अजून काही वर्षं होती.

रॅले फेडिंगचं नुकसान किती, हे परीक्षेत हमखास विचारतात. हजारात एक बिट चुकलेला चालेल असं धरा. साध्या बीपीएसकेला फक्त खरखर असलेल्या वाटेवर सुमारे 7 डीबी पुरतात. फेडिंग आलं की सुमारे 24 लागतात. फरक 17 डीबीचा, म्हणजे पन्नासपट ताकद. यावर उपाय म्हणजे ताकद वाढवणं नव्हे, दुसरा अँटेना लावणं: एकाची वाट बुजली तर दुसऱ्याची उघडी असते. अलामूटी यांनी 1998 मध्ये दोन अँटेनांवरून दोन चिन्हं आलटून पालटून पाठवायची इतकी सुटसुटीत रीत दाखवली की ती अर्ध्या पानात मावते. वर्गात ती पहिल्यांदा समजते तेव्हा आपल्यालाही असंच काहीतरी सुचेल असं वाटतं. वाटू द्यावं. थीसिसचा विषय ठरेपर्यंत ते टिकतं.

असाइनमेंटमध्ये ओकुमुरा-हाता मॉडेल येईल. ओकुमुरांनी टोकियोच्या आसपास फिरून मोजमापं घेतली, ती 1968 मध्ये छापली. हातांनी 1980 मध्ये त्यांची सूत्रं बांधली. सूत्रात तीन पर्याय आहेत: शहर, उपनगर, मोकळा प्रदेश. आंबा घाट यांपैकी कशात बसतो, हे विचारून सरांना अडचणीत आणू नये. खरा घाट, खरी झाडी बघायची असेल तर मुंबई आयआयटीच्या मंडळींनी पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांतून इंटरनेट पोचवायचे जे प्रयोग केले, त्यांबद्दल वाचावं. आणि एकदा नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन यावं. तिथं जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आकाशातून येणारं अतिशय क्षीण काहीतरी ऐकत असतात, आणि तुमचं अख्खं करिअर त्यांच्या लेखी अडथळा असतं. अहंकार उतरवायला सहल स्वस्त आहे.

दुसऱ्या वर्षी गाईड मिळतो. तो विषय देतो आणि परदेशात कॉन्फरन्सला जातो. विषयात मॅसिव्ह मायमो, सिक्सजी आणि मशीन लर्निंग यांपैकी निदान दोन शब्द असावेत, नाहीतर रिव्ह्यूला समिती चहा लवकर मागवते. मिलिमीटर वेव्हला ‘नवं’ म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा. जगदीशचंद्र बोस 1890 च्या दशकात कोलकात्यात 5 मिलिमीटरच्या लहरींवर काम करत होते, म्हणजे 60 गिगाहर्ट्‌झ. थ्रीजीपीपीची कागदपत्रं वाचायची वेळ आली तर 38.211 पासून सुरुवात करावी. 38.331 उघडू नये. ते हजारावर पानांचं आहे आणि त्यातून परत आलेली माणसं वेगळ्याच भाषेत बोलतात.

नोकरीची काळजी नको. चिप आणि मोडेम बनवणाऱ्या कंपन्या बंगळुरू-हैदराबादेत आहेत. मुलाखतीत त्या तासभर सी आणि पॉइंटर विचारतात, शेवटच्या पाच मिनिटांत विचारतात, ‘ओएफडीएममध्ये सायक्लिक प्रिफिक्स कशाला?’ तेवढं पाठ असावं.

राहता राहिलं सिम्युलेशन. सगळा थीसिस शेवटी एका आलेखात येतो: आडवा एसएनआर, उभा चुकीचा दर, रेघ खाली घसरत जाणारी. दहा लाखांत एक चूक दाखवायची तर निदान शंभर चुका पकडाव्या लागतात, म्हणजे दहा कोटी बिट पाठवावे लागतात. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा, खाली वही सरकवून हवा खेळती ठेवावी, आणि ‘बंद करू नये’ असा कागद लावावा, कारण रूममेटला पंख्याच्या आवाजानं झोप येत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री एवढा वेळ कुणाकडेच नसतो. शेवटचा बिंदू चार-पाच चुकांवर मोजला जातो आणि रेघ टोकाला किंचित वर वळते. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक थीसिसमधलं बाकी काही वाचत नाहीत, त्या वळणावर बोट ठेवतात आणि कारण विचारतात. इथं ‘एरर फ्लोअर’ म्हणावं. गाईड खिडकीबाहेर बघतील, परीक्षक मान डोलावतील. त्यांच्या थीसिसमध्येही तो बिंदू असाच वळलेला असतो.