किल्ल्यात मुक्काम, जेवणासह

आमच्या मजल्यावरचे काका युरोप बघून आले आणि आमच्या इमारतीची झोप उडाली. काका म्हणजे नारोशंकराची घंटा. पंधरा दिवसांची सहल तीन आठवडे झाले सांगतायत, आणि गाडी अजून फ्रान्समधल्या कार्कासोनच्या पुढे सरकलेली नाही. "दुहेरी तट रे! बावन्न बुरूज! आत माणसं राहतात, हॉटेलं चालतात, पण भिंतीवर एक पिंक दिसेल तर शपथ!" हे सांगताना त्यांची नजर आमच्या लिफ्टच्या कोपऱ्याकडे असते.

ही तटबंदी फ्रेंच सरकार १८४९मध्ये पाडायलाच निघालं होतं. लोकांनी बोंब मारली, म्हणून १८५३पासून व्हिओले-ल-द्युक नावाच्या वास्तुविशारदानं तिची डागडुजी काढली. त्याच १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. तेव्हापासून ते दगड बसवतायत आणि आम्ही गाडीत बसायला जागा शोधतोय.

"काका, तटातलं शहर बघायला फ्रान्स कशाला? आपली वसई आहे की!" मी म्हणालो. नारोशंकराची मूळ घंटाही वसईच्या विजयानंतरच नाशकात गेली असं सांगतात. म्हणजे मी घंटा माहेरी पोचवत होतो.

रविवारी ठाण्याच्या कोपरीहून सकाळी सातला निघालो. चिमाजी अप्पांचा १७३९चा वसईचा वेढा साधारण तीन महिने चालला, हे शाळेत पाठ केलं होतं. इतका वेळ का लागला असेल, ते गायमुखच्या चढावर तासभर एकाच टँकरच्या मागे उभं राहिल्यावर समजलं. त्यांना निदान समोर पोर्तुगीज तरी दिसत होते.

वसईचा किल्ला म्हणजे नुसता किल्ला नव्हे, अख्खं शहर. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली आणि पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीजांनी तटाच्या आत चर्चं, मठ, वाडे उभे केले. आता छपरं गेलीत, भिंती उरल्यात आणि त्या भिंतींना झाडांच्या मुळांनी धरून ठेवलंय. सरकारी संवर्धनात मुळांचा वाटा मोठा आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलकही आहे, पण त्याला मुळं नाहीत.

शहरात सध्या वस्ती आहे ती होऊ घातलेल्या नवराबायकोंची. दर कमानीखाली एक जोडपं, एक फोटोग्राफर आणि छत्री धरून कंटाळलेला एक चुलतभाऊ. पांढऱ्या गाऊनमधली मुलगी काट्यात अडकलेला घोळ सोडवतेय आणि फोटोग्राफर ओरडतोय, "दादा, घाम पुसा आणि वहिनींच्या डोळ्यांत बघा!" काकांनी तुच्छतेनं विचारलं, "इथं आणखी काय झालंय?" मी म्हणालो, "कोल्डप्ले या ब्रिटिश बँडनं २०१६च्या गाण्याचं थोडं चित्रीकरण इथं केलंय." काका एकदम ताठ उभे राहिले आणि मला मोबाइल दिला. चिमाजी अप्पांना हा मान मिळाला नव्हता.

भिंतीवर जागा अशी नव्हतीच. बाण लागलेली बदामं, त्यात दोन-दोन अक्षरं, खाली तारखा. काही बदामांतलं एक अक्षर नंतर खरवडून काढलेलं. इतिहास असा थरांनी साचतो. फोटो काढून मी वळलो, तर काका पाठमोरे. हातात घराची किल्ली. कार्कासोनच्या स्वच्छतेवर तीन आठवडे बोललेला माणूस चारशे वर्षांच्या गिलाव्यात 'कोपरी' कोरत होता. "अरे, सहज," म्हणाले, "आपण आलो होतो याची खूण."

मी फलकाकडे बोट दाखवलं. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "काका, कैद झाली तर कुठं ठेवतील ठाऊक आहे? आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात! पोर्तुगीजांनीच बांधायला घेतलेला, १७३७मध्ये मराठ्यांनी घेतलेला, हल्ली मध्यवर्ती कारागृह. तट शाबूत, पहारा चोवीस तास, आत माणसं राहतात, जेवण फुकट. तुम्हाला हवं होतं तसंच. फक्त १८१६मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथून निसटले होते, त्यामुळे आता जरा कडक असेल."

काकांनी किल्ली खिशात टाकली. येताना गायमुखपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

भिंतीवर 'को' एवढंच राहिलंय. ते कोल्डप्लेनं कोरलंय असं कुणी गाईड सांगू लागला, तर विश्वास ठेवू नका.