फोन लावणारे भाऊ

पुसद असो, दिग्रस असो, वणी असो की पांढरकवडा. पोलीस ठाण्यासमोर चहाची टपरी असते आणि टपरीच्या बाकावर भाऊ असतात. भाऊंना आडनाव आहे, गाव आहे, थोडी कोरडवाहू शेतीही आहे. पण तालुक्याला त्यांची ओळख एवढीच, की भाऊ फोन लावतात.

कुणाची ट्रॉली पकडली, धुऱ्यावरून डोकी फुटली, पोरगा रात्रभर ठाण्यात बसवून ठेवला, की माणूस वकिलाकडे जाण्याआधी भाऊंकडे येतो. भाऊ डोळे मिटून सगळं ऐकतात. मधेच "कलम कोणतं लावलं?" असं विचारतात. उत्तर काहीही आलं तरी मान तेवढीच हलते. मग म्हणतात, "घाबरू नको बाप्पा. लावतो फोन."

हा विधी पाहण्यासारखा असतो. भाऊ उठतात, चप्पल सरकवतात आणि रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली जातात. लोकांना आवाज ऐकू यावा पण शब्द कळू नयेत, इतकं ते अंतर असतं. पूर्वी भाऊ पक्षाप्रमाणे घोषणा देऊन बोलणं सुरू करत. अलीकडं सरकारं इतक्यांदा उलटली आणि साहेब इतक्यांदा इकडून तिकडं गेले, की भाऊ आता नुसतं "नमस्कार साहेब" म्हणतात. ते सगळीकडं चालतं.

"सोडून द्या" असं भाऊंनी फोनवर म्हटलेलं आजवर कुणीही ऐकलेलं नाही. "गुन्हा नोंदवू नका" हे तर नाहीच नाही. त्यांची वाक्यं दोनच. "आपला मानूस हाय" आणि "जरा पाहून घेजा". जगातल्या कुठल्याही कोर्टात उभी केली तरी ही दोन वाक्यं निर्दोष सुटतील. पण ठाण्यातल्या ज्या माणसाची बदली साहेबांच्या एका शब्दावर होऊ शकते, त्याला त्यांचा अर्थ शब्दकोश न उघडता कळतो. अधिकाऱ्यांना ठरावीक मुदतीआधी हलवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात २००६ सालीच सांगून ठेवलं आहे. भाऊंना तो निकाल ठाऊक नाही, पण कोणाची बदली अडली आहे आणि कोणाला कोणतं ठाणं हवं आहे, हे तोंडपाठ आहे.

भाऊंच्या धंद्यातली खरी गोम वेगळीच आहे. त्यांच्याकडे येणारी निम्मी कामं फोन न लावता होणारी असतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बजावलं आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर ती नोंदवलीच पाहिजे, हे त्याच्या आदल्या वर्षी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं. म्हणजे जे कायद्यानं फुकट मिळतं, ते भाऊ मेहरबानी म्हणून मिळवून देतात. पोरगा सुटतो, बाप पाया पडतो आणि भाऊ वर बोट दाखवतात. ते बोट देवाकडं असतं की मुंबईकडं, हे बापानं ठरवायचं.

कधी कधी तर फोन लागलेलाच नसतो. रेंज नाही म्हणून लिंबाखालचा अख्खा संवाद एकतर्फी होतो. कामावर त्याचा काही परिणाम होत नाही.

बाकी यवतमाळ जिल्ह्याचा अभिमान भाऊंच्या रक्तातच आहे. "दोन-दोन मुख्यमंत्री देल्ले आपल्या पुसदनं," असं ते वसंतराव आणि सुधाकरराव नाईकांविषयी अशा सुरात सांगतात, की जणू तेव्हापासून मंत्रालयाची एक लाइन थेट या टपरीत ओढलेली आहे.

भाऊंचं एक तत्त्व मात्र पोलादी आहे. ते काहीही लिहीत नाहीत. अर्जावर सही नाही, शिफारसपत्र नाही, व्हॉट्सॲपवर साधा अंगठाही नाही. लग्नात आहेराच्या वहीत स्वतःचं नाव दुसऱ्याकडून लिहवून घेतात. याचं कारण विचारलं तर दाखला घरचाच देतात. यवतमाळचे माजी खासदार विजय दर्डा यांनी कोळसा खाणीसाठी पंतप्रधानांना पत्रं लिहिली. त्या प्रकरणात सीबीआयनं २०१४ साली तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता, तो विशेष न्यायालयानं स्वीकारला नाही. खटला चालला आणि २०२३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. पुढं अपिलात तिला स्थगिती मिळाली. या सगळ्यातून न्यायाधीशांनी सीबीआयलाही कसं ऐकवलं, हा धडा कुणीही घेईल. भाऊंनी घेतलेला धडा निराळा. "म्हून म्हनतो, पत्र लिहू नये. फोन करावा."

पण फोनवरचाही त्यांचा विश्वास एका गावाच्या नावानं डळमळतो. ते गाव म्हणजे खामगाव. वाशीमच्या पलीकडं, बुलढाणा जिल्ह्यातलं.

२००६ सालची गोष्ट. विदर्भात शेतकरी आत्महत्या करत होते आणि खामगावचे आमदार दिलीपकुमार सानंदा यांच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी येत होत्या. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून ठाण्याला फोन गेला. पुढं जिल्हाधिकाऱ्यांनाही सूचना आली, की या कुटुंबाविरुद्ध तक्रार आली तर आधी जिल्हा समितीपुढं ठेवा, सरकारी वकिलाचं मत घ्या, मग पाहू. इथवर भाऊंना सगळं ओळखीचं वाटतं. पुढचं मात्र त्यांच्या अंगावर येतं. ठाण्यातल्या कुणीतरी तो फोन स्टेशन डायरीत लिहून ठेवला.

एका शेतकऱ्यानं नागपूर खंडपीठात धाव घेतली. ती डायरी कोर्टात गेली. २००९ साली उच्च न्यायालयानं सरकारवर पंचवीस हजारांचा खर्च बसवला. सरकार अपिलात गेलं, तेव्हा डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी मुख्यमंत्र्यांच्या कृतीवर कडक ताशेरे ओढले आणि खर्च पंचवीस हजारांवरून थेट दहा लाखांवर नेला.

हे ऐकलं की भाऊ आधी गप्प होतात आणि मग एकदम खुलतात. "पन दहा लाख भरले कोनं?" ते विचारतात. सरकारनं, म्हणजे तिजोरीतून. आणि देशमुख तेव्हा केंद्रात मंत्री होते, नंतरही राहिले. "मंग सायबाचं काय गेलं?" या प्रश्नावर टपरीतला कुणीही बोलत नाही, कारण भाऊंचं गणित बरोबर असतं. हस्तक्षेप वरच्यांनी करायचा आणि त्याचा खर्च ज्यांच्याविरुद्ध तो झाला त्यांच्याच करातून भरायचा. भाऊंना निश्चिंत झोप लागते ती या गणितामुळं. तरीही डायरी लिहिणाऱ्या त्या अनोळखी पोलिसाला ते मनापासून शिव्या देतात.

परवा त्यांच्या नशिबी खामगाव आलं. एका पोराला हाणामारीच्या प्रकरणात बोलावलं होतं. भाऊंनी रुबाबात फोन लावला, स्पीकरही चालू केला. पलीकडं नवीन ठाणे अंमलदार बाई होत्या.

"साहेबांचा मानूस हाय तो ताई. जरा पाहून घेजा."

"हो, पाहते. कोणते साहेब? पूर्ण नाव सांगा. वेळ अकरा वीस. तुमचंही नाव सांगा, डायरीत नोंद घेते."

भाऊंचा आवाज लिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरला. "नोंद कायले ताई? मी तं पाऊसपान्याचं विचाराले फोन लावला."

"बरं. पाऊसपाण्याची चौकशी, असं लिहिते. नाव?"

भाऊंनी फोन बंद केला आणि रेंज गेल्याचं जाहीर केलं.

दुपारी पोराला नोटीस देऊन घरी पाठवलं. कायद्यात बसत होतं तेवढंच झालं होतं. संध्याकाळी बाप किलोभर पेढे घेऊन टपरीवर हजर. भाऊंनी नाही म्हटलं नाही. त्यातले अर्धे त्यांनी साहेबांसाठी वेगळे काढले आणि ते सुरक्षित राहावेत म्हणून लगेच घरी नेले.